पिस्तूलवाल्याच्या हाती पहिली रायफल : एआर-१५च्या कामाच्या नोंदी

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. ग्रीनकार्ड हातात पडल्यावर ग्लॉक १९ (नऊ एमएमचं पिस्तूल) घेतली, तेव्हापासून रेंजवर नियमित जातो, अधूनमधून क्लबच्या छोट्या मॅचही खेळतो. लांब नळीचं हत्यार, एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एकच गोळी, पुढची आपोआप भरली जाते) रायफल, घरात पहिल्यांदाच येतंय. हात पिस्तुलावर बसलाय आणि आता रायफल घ्यावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

हे सगळं टेक्ससमधलं आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत यातलं बरंच काही बेकायदा ठरेल. आणि एच-१बीवर असाल तर बंदूकच काय, काडतुसांची पेटीसुद्धा बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या लायसन्सचा एक अपवाद आहे, पण तो मित्रांच्या गप्पांवरून नाही, वकिलाकडून समजून घ्या. ग्रीनकार्डच्या रांगेत इतकी वर्षं घालवल्यावर असल्या कारणाने ते घालवू नये.

१९ ऑक्टोबर २०२४

रायफल कशाला, हा घरातला पहिला प्रश्न. उत्तर : क्लबच्या टू-गन मॅच. त्यात पिस्तूल आणि रायफल दोन्ही लागतात आणि मी दर वेळी बाकावर बसून बघत असतो.

पहिला विचार नऊ एमएमच्या कार्बाइनचा (आखूड रायफलीचा) होता. काडतुसं तीच आणि ग्लॉकचीच मॅगझिनं चालणारी मॉडेल्स मिळतात. नऊ एमएम साधारण २३ सेंटला एक पडतं, रायफलचं ५.५६ एमएम काडतूस ४७ सेंटच्या आसपास, म्हणजे खर्च दुप्पट. तरी ५.५६ घेतली, कारण त्या मॅचमध्ये १०० यार्डांवरची टार्गेट असतात (१ यार्ड म्हणजे ०.९१ मीटर). नऊ एमएम तिथवर जातं, पण इतकं खाली पडतं की गणितच करत बसावं लागतं.

ठरवलेल्या गोष्टी अशा. नळी १६ इंच. त्याहून आखूड नळी दस्त्यासकट (खांद्याला टेकवायच्या भागासकट) असली की १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली वेगळी नोंदणी लागते, त्या भानगडीत पडायचं नाही. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ५.५६चं हवं, जवळजवळ त्याच मापाच्या .२२३चं नको. ५.५६च्या चेंबरमध्ये दोन्ही काडतुसं चालतात; .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ घातलं तर दाब वाढू शकतो. गॅस सिस्टिम (बाराच्या गॅसवर पुढचं काडतूस भरणारी यंत्रणा) मिड-लेंथ, म्हणजे मधल्या लांबीची, कारण झटका जरा मऊ येतो. बाकी शोभेच्या वस्तूंवर एक डॉलर नाही.

६२९ डॉलरची एक मधल्या दर्जाची रायफल मागवली. ८.२५ टक्के सेल्स टॅक्स धरून ६८१. ऑनलाइन घेतलेली बंदूक घरी येत नाही, लायसन्स असलेल्या दुकानात येते आणि दुकानदार ती ताब्यात देण्याचे वेगळे पैसे घेतो. माझ्याकडून ३० घेतले.

२६ ऑक्टोबर

दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरला. ग्रीनकार्डवाल्यांनी ए-नंबर (कार्डावरचा इमिग्रेशनचा नंबर) तोंडपाठ नसेल तर कार्ड सोबत न्यावं. फॉर्मवर खाडाखोड झाली की दुकानदार नवा कोरा फॉर्म पुढे सरकवतो.

पार्श्वभूमीच्या चौकशीचं उत्तर आलं, ‘डिलेड’, म्हणजे निर्णय लांबला. पिस्तुलाच्या वेळीही हेच झालं होतं, त्यामुळे दचकलो नाही. कामाचे तीन दिवस उलटून गेले आणि नकार आला नाही तर दुकानदाराला हत्यार देण्याची मुभा असते. द्यावंच असं बंधन नाही. आमचा दुकानदार स्पष्ट ‘प्रोसीड’ (मंजुरी) आल्याशिवाय देत नाही. रिकाम्या हाताने परत.

३१ ऑक्टोबर

मंजुरी काल आली, आज घेऊन आलो. उद्या लक्ष्मीपूजन. बायकोचं म्हणणं, लक्ष्मी घरात यायच्या आदल्या दिवशी सातशे डॉलर बाहेर घालवणारा तूच. खंडेनवमीची शस्त्रपूजा तर केव्हाच होऊन गेली, तेव्हा तीही सबब उरली नाही.

साताऱ्याकडे काकांची पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. फोनवर रायफलचं वर्णन ऐकून काकांनी दोनदा विचारलं, ‘आणि हे पोलिसांना माहीत आहे?’ भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य नागरिकाला मिळतच नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर हत्यारंही दोनच ठेवता येतात. त्यांचा प्रश्न बरोबरच होता.

२ नोव्हेंबर

रायफल तीन दिवस कुलूपबंद केसमध्ये, केस कपाटात, कपाटाला कुलूप. कारण पिस्तुलाची बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी आहे जाडजूड पुस्तकाएवढी आणि रायफल दस्ता मिटवूनही ३२ इंच. हे रायफल मागवायच्या आधी सुचायला हवं होतं. घरात मुलगी आहे. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी उत्तर तेच.

स्टीलचं उभं कपाट २७० डॉलर. रिकामं असताना दोन माणसं सहज उचलून नेतील इतकं हलकं, म्हणून भिंतीला बोल्ट मारणं आलंच. इथल्या घरांच्या भिंती जिप्सम बोर्डच्या. बोल्ट आतल्या लाकडी स्टडमध्येच (उभ्या दांड्यांत) जायला हवेत आणि कपाटाला कारखान्यातून पाडलेली भोकं स्टडच्या १६ इंचांच्या अंतराशी जुळत नाहीत. कपाटाच्या पाठीला नवी भोकं पाडली. अख्खा शनिवार गेला. काडतुसं वेगळ्या कुलपात.

९ नोव्हेंबर

पहिला दिवस, इनडोअर रेंज.

आत शिरताना काउंटरवरच्या पोराने माझ्या काडतुसांवर चुंबक फिरवला. खट्‌कन चिकटला. मी स्वस्त दिसली म्हणून हिरव्या टोकाची ६२ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) २०० घेतली होती, ११० डॉलरची. त्यांच्या टोकात पोलादाचा तुकडा असतो, तो रेंजच्या मागच्या भिंतीची वाट लावतो. बहुतेक इनडोअर रेंज ती चालू देत नाहीत. पिस्तुलाच्या काडतुसांत हा प्रश्न मला कधी आला नव्हता. तिथलीच ५५ ग्रेनची साधी काडतुसं चढ्या भावात घेतली. नेमबाजीसाठी साधी ५५ ग्रेन घ्या, हिरवं टोक नको, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आवाज. पिस्तुलाला पुरणारे इअरमफ इथे अपुरे. छपराखाली रायफलचा धमाका छातीत जाणवतो. पहिल्याच मॅगझिननंतर बाहेर येऊन मफच्या आत फोमचे बोळे घातले. दोन्ही लागतात.

झटका मात्र काहीच नाही. ग्लॉक मनगटात उसळते. ही खांद्याला नुसती ढकलते.

आणि नेम? रायफलवर रेड डॉट बसवलाय, म्हणजे आत लाल ठिपका दिसणारी नेमाची काच. सात यार्डांवर तो ठिपका बरोबर मध्यावर, भोकं सगळी दोन इंच खाली. पिस्तूलवाल्याला हे दृश्य ओळखीचं : गोळ्या खाली जातात म्हणजे चाप ओढताना मनगट दाबतंय, झटक्याच्या भीतीने. तासभर चाप हळू ओढत बसलो. भोकं खालीच.

घरी आल्यावर उलगडा झाला. काच नळीच्या वर २.६ इंचांवर बसलेली आहे. ठिपका आणि गोळी ५० यार्डांवर एकत्र येणार असतील तर सात यार्डांवर गोळी खालून जाणारच. पिस्तुलावर ही उंची इतकी कमी असते की कधी लक्षातच आली नव्हती. म्हणजे रायफल सात यार्डांसाठी जुळवायची नाहीच. जवळच्या टार्गेटवर ठिपका दोन इंच वर धरायचा.

१० नोव्हेंबर

साफसफाई. ग्लॉकला पाच थेंब तेल पुरतं, ती सवय इथे सोडावी लागली. पेटीतून रायफल जवळजवळ कोरडी आली होती आणि काल शेवटच्या गोळीनंतर बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करणारा तुकडा) मागे अडकून राहत नव्हता. गॅस थेट बोल्ट कॅरियरमध्ये (बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या भागात) येतो आणि सोबत काजळी आणतो. कोरडं ठेवलं की कॅरियर पुरता मागे जातच नाही. कॅरियरच्या घासणाऱ्या कडांवर, कॅम पिनवर, गॅस रिंगांवर चांगलं ओलं दिसेल इतकं तेल लावलं.

बोल्ट जुळवताना क्रम सांभाळा : आधी कॅम पिन (बोल्ट फिरवून कुलूप लावणारी), मग फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई), मग तिची बारकी खीळ. कॅम पिन राहून गेली तर बोल्ट कुलूप न लागताच बार होऊ शकतो. आणि वरचा भाग काढलेला असताना खालच्या भागाचा चाप ओढू नका. हातोडी थेट रिसीव्हरवर (रायफलच्या सांगाड्यावर) आपटते.

२३ नोव्हेंबर

आउटडोअर रेंज, ५० यार्ड, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून.

आधी २५ यार्डांवर गोळ्या कागदाच्या टार्गेटवर आणल्या. तिथे गोळ्या ठिपक्याच्या साधारण सव्वा इंच खाली लागल्या पाहिजेत, तर ५० वर त्या ठिपक्यावर येतात. मग ५० वर गेलो. तीन इंच खाली. ठिपका सरकवायच्या चकतीची एक क्लिक म्हणजे एक एमओए (कोनाचं माप), म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंच. मी तीन क्लिक दिल्या. गोळ्या निम्म्याच वर आल्या, कारण ५० यार्डांवर क्लिक अर्ध्या इंचाची असते. सहा द्यायच्या. २५ वर पाव इंचाची. हे तीन आकडे पट्टीवर लिहून रायफलच्या केसमध्ये चिकटवले.

शेवटचा पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, दीड इंचाचा. पिस्तुलाने ५० यार्डांवर मी ताटाएवढं टार्गेटही भरवशाने मारत नाही. हरखून घरी आलो.

एक गोष्ट नवीन जाणवली. पिस्तूल होल्स्टरमध्ये जातं, विषय संपला. रायफल कुठे ठेवायची? रेंज थंड झाली (सगळ्यांनी गोळीबार थांबवला) की बोल्ट मागे, चेंबरमध्ये ते रिकामं असल्याची पिवळी फ्लॅग, रायफल बाकावर आणि आपण बाकापासून दूर. मॅचमध्ये मात्र पट्ट्याशिवाय अडेल. ४२ डॉलरचा दोन टोकांचा पट्टा मागवला.

७ डिसेंबर

काय झालं कळत नाही. त्याच पिशव्या, तीच काडतुसं, तेच ५० यार्ड, आणि ग्रुप दोन इंच उजवीकडे. चार क्लिक दिल्या, डावीकडे आला. जेवून परत बसलो तर पसरून चार इंचांचा.

निष्कर्ष काढला तो असा : मी चापावर बोट तिरकं ठेवतोय. पिस्तुलात गोळी डावीउजवीकडे गेली की बोट बघायचं. आमच्या पहिल्या कोचने हे डोक्यात इतकं ठोकलंय की हत्याराला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

२१ डिसेंबर

मधले दोन आठवडे रोज रात्री रिकाम्या रायफलने सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम, चाप. हात स्थिर, ठिपका हलत नाही. आज रेंजवर पुन्हा तेच : पहिला ग्रुप डावीकडे, दुसरा खाली.

रेंजवरचे म्हातारे सेफ्टी ऑफिसर बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. रेंज थंड झाल्यावर त्यांनी विचारून रायफल हातात घेतली, एका हाताने नळीचं आवरण धरलं, दुसऱ्याने काच धरली आणि पिळली. काच हलली. मलाही दिसेल इतकी.

अंगणच वाकडं होतं.

पिस्तुलावर गेली काही वर्षं मी फक्त लोखंडी साइट वापरल्या. त्या पक्क्या बसवलेल्या असतात, रेंजवर जाऊन त्यांना हात लावायचा प्रसंग येत नाही. म्हणून गोळी चुकली की चूक हातात, हे समीकरण तिथे बहुतेक वेळा बरोबर असतं. रायफलवर हाताच्या आणि गोळीच्या मध्ये स्क्रूंची आख्खी फौज आहे : काच माउंटला (तिच्या बैठकीला), माउंट रेलला (रायफलच्या पाठीवरच्या पट्टीला), आवरण नळीच्या नटला, दस्त्याची नळी कॅसल नटला (खाचांच्या नटला). त्यातला एक सैल असला तर जगातला सगळा सराव फुकट. इथून पुढे क्रम उलटा : ग्रुप सरकला की आधी स्क्रू, मग काडतूस, मग मी. दोन आठवड्यांचा सराव वाया गेला असं मात्र म्हणणार नाही. चाप खरंच सुधारलाय.

२८ डिसेंबर

दुरुस्ती. स्क्रू किती जोराने आवळला ते इंच-पाउंडांत मोजणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, ५० डॉलर. पहिल्या दिवशी मी माउंट सोबत आलेल्या एल-आकाराच्या चावीने ‘घट्ट’ आवळला होता. घट्ट म्हणजे किती, ते मनगट सांगू शकत नाही.

माउंट काढला. स्क्रूंवरचं आणि भोकांतलं तेल अल्कोहोलने पुसलं. परवाच्या तेलाच्या उदारपणाचे शिंतोडे तिथवर पोचले होते. काच माउंटला जोडणाऱ्या बारीक स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). लाल लावू नका, ते काढताना तापवावं लागतं. माउंट रेलवर ठेवून पुढे, नळीच्या दिशेने ढकलून धरला, म्हणजे झटक्याने सरकायला फट उरत नाही, आणि मग कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून माउंटवर येणारी पांढऱ्या पेंटची बारीक रेघ. रेघ तुटली की स्क्रू फिरला. मुलीचं नेलपॉलिशही चाललं असतं.

त्याच बैठकीत बाकीचे सांधे बघितले. दस्त्याच्या नळीचा कॅसल नट हाताने किंचित फिरत होता. कारखान्यात या नटच्या खाचेत प्लेटचा धातू ठोकून तो अडवतात, माझ्या रायफलवर ते केलेलंच नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत कुणाकडूनही होऊ शकतं. नट आवळून सेंटर पंचने ठोकला. नवी रायफल घेतलीत तर दुकानातच या नटकडे बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

११ जानेवारी २०२५

परवा बर्फ पडलं, रेंज बंद. घरीच बसून एक जुनी शंका तपासली. लाल ठिपका मला कधीच ठिपका दिसला नाही. शेपटीवाला धूमकेतू दिसतो, कधी द्राक्षांचा घड. काच स्वस्त आहे म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो.

तपासायची युक्ती सोपी : काचेतून फोनने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्यात. फोटोत तो छान गोल आला. ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याच्या गोलाईतला दोष. चष्म्याच्या नंबरात सिलिंडरचा आकडा होताच, मी कधी त्याकडे पाहिलं नव्हतं. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडर आहे त्यांनी रेड डॉट घेण्याआधी कुणाच्या तरी बंदुकीतून पाहून घ्यावं. मी १६० डॉलर आधी घातले होते.

२५ जानेवारी

रेड डॉट ९० डॉलरला विकला, एक पटीची (मोठं करून न दाखवणारी) प्रिझम काच ३४० ला घेतली. हिच्यात नेमाची खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याकडचं भिंग फिरवून ती आपल्या नजरेला जुळवता येते. पहिल्यांदाच रेषा रेषेसारख्या दिसल्या. बॅटरी संपली तरी काळी खूण राहते.

तोटाही आहे. रेड डॉटमागे डोकं कुठेही असलं तरी चालायचं. प्रिझमला डोळा तीनेक इंचांवर, तेही मधोमध लागतो, नाहीतर कडेने काळोख. त्यामुळे दस्त्याची लांबी आणि गाल टेकवायची जागा पक्की करावी लागली. दस्त्याच्या खाचेला पेंटचा ठिपका दिला. माझी पिस्तुलातली सवय डोकं ताठ ठेवून हात डोळ्यांसमोर आणायची. इथे गाल खाली दाबावा लागतो. मान दुखली.

५० यार्डांवर पुन्हा झीरो, म्हणजे खूण आणि गोळी जुळवणं. या वेळी काच जागची हलली नाही. उंची मोजली, २.६ इंचच. ५५ ग्रेनची गोळी सुमारे ३,००० फूट प्रति सेकंद धरून गणित केलं आणि पुढे रेंजवर जमेल तसं पडताळलं. सात यार्डांवर सव्वादोन इंच खाली, २५ वर सव्वा इंच खाली, ५० वर ठिपक्यावर, १०० वर दीड इंच वर. २०० वर पुन्हा ठिपक्याच्या जवळपास यायला हवी, पण आमच्या रेंजवर तेवढी जागा नाही.

८ फेब्रुवारी

आज फक्त हाताळणी. पिस्तुलाच्या सवयी कुठे नडतात त्याची यादी मनात तयार होती, त्यातल्या दोनच लिहिण्यासारख्या.

सेफ्टी. ग्लॉकला बाहेरून बोटाने लावायची सेफ्टी नाही, त्यामुळे माझ्या अंगठ्याला ते कामच माहीत नव्हतं. मॅचच्या सरावात बझर वाजला, रायफल खांद्याला लावली, चाप ओढला, काही नाही. ही चूक लाजिरवाणी पण निरुपद्रवी. खरी धोक्याची दुसरी : गोळ्या मारून पुढच्या जागी पळताना सेफ्टी परत लावायची राहणं. सेफ्टी ऑफिसरने ओरडून थांबवलं आणि बरोबर केलं. आता रायफल गालापासून सुटली की सेफ्टी लागलीच पाहिजे, असा घरी रिकाम्या रायफलने सराव, तोंडाने ‘लागली’ म्हणत. मुलगी नक्कल करते. हातोडी मागे नसेल तर एआरची सेफ्टी लागतच नाही, त्यामुळे सरावातही दर वेळी चार्जिंग हँडल (बोल्ट मागे न्यायची मूठ) ओढावं लागतं.

मॅगझिन. पिस्तुलात मॅगझिन तळव्याने थोपटलं की बसतं. रायफलमध्ये बोल्ट पुढे असताना ३० गोळ्यांनी गच्च भरलेलं मॅगझिन बसल्यासारखं वाटतं आणि पहिली गोळी मारल्यावर पायाशी पडतं. तीसच्या मॅगझिनमध्ये २८ भरा, ढकला, आणि खाली ओढून बघा.

२२ फेब्रुवारी

लोखंडी टार्गेट. पिस्तुलाला दहा यार्डांवर चालणाऱ्या आमच्या घरच्या प्लेट साध्या पोलादाच्या आहेत, त्या रायफलपुढे नेऊ नयेत. या वेगाची गोळी साध्या पोलादात खड्डा पाडते आणि पुढची गोळी त्या खड्ड्यातून वाकडीतिकडी, कधी थेट मारणाऱ्याकडे, उडते. क्लबच्या प्लेट एआर-५०० या खास कठीण पोलादाच्या (या ‘एआर’चा रायफलशी संबंध नाही), खाली झुकवून टांगलेल्या, आणि रायफलला किमान १०० यार्ड. हिरव्या टोकाच्या काडतुसांना त्यांच्यावरही बंदी. ती २०० अजून तशीच पडून आहेत.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मित्र मार्चमध्ये येतोय. रायफल त्याच्याकडे घेऊन येऊ का म्हणून गमतीने विचारलं. तिकडे मॅगझिनच दहा गोळ्यांपर्यंतचं चालतं, आणि ही रायफल, आहे त्या रूपात, गाडीच्या डिकीत सापडली तरी तुरुंग. गंमत तिथेच थांबली. त्याने इथे येऊन उडवायची ठरलंय.

८ मार्च

दर वीस-पंचवीस गोळ्यांमागे एक अडकत होती. नवं काडतूस तिरकं होऊन चेंबरच्या तोंडाशी. आधी स्क्रू, मग काडतूस, मग मी, या क्रमाने गेलो. स्क्रूंच्या रेघा शाबूत, तेल पुरेसं, रिकामी केसं उजवीकडे किंचित मागे नीट उडत होती, म्हणजे गॅसही ठीक. मग चारही मॅगझिनांना मार्करने नंबर घातले आणि प्रत्येकातून मारलं. अडकणारी सगळी तीन नंबरातली. मॅगझिनला नंबर घालायला पैसे लागत नाहीत, पहिल्याच दिवशी घाला.

५ एप्रिल

मित्र आला होता. एडिसनमध्ये सोसायटीचा गणपती सांभाळणारा माणूस, आयुष्यात बंदूक धरली नव्हती. ५० यार्डांवर त्याने पहिल्याच बैठकीत माझ्या पहिल्या पिस्तुलाच्या दिवसापेक्षा चांगला ग्रुप मारला. रायफल नवख्याला दयाळू आहे, पिस्तूल नाही. म्हणूनच पिस्तूल आधी शिकलो याचं वाईट वाटत नाही. चाप तिथे शिकावा.

माझा १०० यार्डांवरचा ग्रुप टेकून अडीच इंच, साध्या काडतुसांनी. या रायफलीकडून याहून फार अपेक्षा नाही. चाप खरखरीत आहे, लोक बदला म्हणतात. मी एवढ्यात बदलणार नाही. दुसरी कुठली वस्तू आणायच्या आधी काडतुसांवर पैसे घालणार.

हिशेब, डॉलरमध्ये. रायफल आणि दुकानाची फी ७११, रेड डॉट १६०, प्रिझम ३४०, पट्टा ४२, चार मॅगझिनं ५२, कपाट २७०, इलेक्ट्रॉनिक मफ ६५, टॉर्क स्क्रूड्रायव्हर ५०, तेल-ब्रश ३०. रेड डॉट विकून आलेले ९० वजा जाता १,६३०. साध्या काडतुसांची हजाराची पेटी टॅक्ससकट ५०९, ती हिरवी ११०. रेंजची फी आणि पेट्रोल धरलेलंच नाही. रायफलची किंमत बघून बजेट करणाऱ्यांनी तिप्पट धरावं.

रेड डॉटचा तोटा डोळे आधी तपासले असते तर टळला असता, हिरव्या काडतुसांचा रेंजवर आधी विचारलं असतं तर. बाकी सगळं लागतंच.

मेच्या टू-गन मॅचसाठी नाव दिलंय. तीन नंबरच्या मॅगझिनची स्प्रिंग आणि फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारा तुकडा) मागवलेत. ते बदलूनही अडकलं तर मॅगझिन कचऱ्यात. हिरव्या टोकाची काडतुसं ओक्लाहोमात शेत असलेला एक सहकारी घेणार आहे, निम्म्या भावात.